रुपयाला किलोमीटर

प्रभंजन मास्तरांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली ती हौसेनं नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण धारवाडात सप्तापूरला ते ज्या अपार्टमेंटमध्ये राहतात, तिथं अजूनही तसाच समज आहे. हौस हा शब्द मास्तरांच्या वाट्याला फारसा आलाच नाही. पस्तीस वर्षं त्यांनी हायस्कुलात गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर आता चार गावं बघू म्हणून बॅगा आणल्या, तर त्याच महिन्यात श्यामलाबाईंच्या दोन्ही मूत्रपिंडांनीही निवृत्ती घेतली. बॅगा माळ्यावर गेल्या आणि सोमवार-गुरुवारचं डायलिसिस सुरू झालं. धारवाडात जागा मिळाली नाही, मिळाली ती हुबळीत, गोकुळ रोडजवळच्या एका इस्पितळात. बावीस किलोमीटर जायचं, बावीस यायचं. टॅक्सीवाला थांबण्याचे धरून फेरीला हजार रुपये घेई.

श्यामलाबाई तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसलेल्या. समोरचा माणूस बोटं मोजत असेपर्यंत त्यांचे सुटे पैसे त्याच्या हातात पडलेले असत. एका गुरुवारी परतताना, ड्रायव्हरला ऐकू जाणार नाही अशा बेतानं त्या म्हणाल्या, "हे बघा, ज्या दिवशी हे परवडेनासं होईल त्या दिवशी मला सरळ सांगायचं. पेन्शनीत बसत नसेल तर मी बंद करीन."

"काय बंद करशील? टॅक्सी?"

"टॅक्सी नव्हे," श्यामलाबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

चौथ्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवून मास्तरांनी जाहीर केलं, "श्यामला, रुपयाला किलोमीटर!"

झालं होतं असं, की बंगळुरात असलेल्या वरदनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, फोनवर एका जुन्या इलेक्ट्रिक गाडीची जाहिरात पाठवली होती. तीन वर्षं वापरलेली, किंमत चार लाख ऐंशी हजार. मास्तरांनी रात्रभर तोंडी आकडेमोड केली. विजेचं युनिट सात रुपयांना, एका युनिटात गाडी सात किलोमीटर जाते, म्हणजे रुपयाला किलोमीटर. अख्खी फेरी चव्वेचाळीस रुपयांत! हजाराच्या जागी चव्वेचाळीस! एवढ्या पैशांत तर माणूस शंभर वर्षं डायलिसिस करून घेईल, असं त्यांच्या तोंडून निघून गेलं. फंडातले पैसे मोडले आणि संक्रांत झाल्यावर गाडी दारात आली.

दारात आली, पण दाराशी वीज नव्हती. मास्तरांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आणि गाडी तळमजल्याच्या पार्किंगमध्ये. खाली एक प्लग होता, पण तो सामाईक मीटरवरचा. त्याला हात लावणं म्हणजे देवळाच्या हुंडीत हात घालणं. म्हणून मास्तरांनी चाळीस मीटर जाड वायर आणली, स्वयंपाकघरातल्या मोठ्या प्लगात खोचली आणि खिडकीतून खाली सोडली. ओव्हन बंद पडला, पण गाडी चार्ज होऊ लागली. तिसऱ्या दिवशी बघतात तो पहिल्या मजल्यावरच्या मथुराबाईंनी त्या वायरीवर दोन परकर आणि नवऱ्याचा लेंगा वाळत घातलेला.

"अहो मथुराबाई, वायर आहे ती! विजेची!"

"तरीच म्हटलं," मथुराबाई म्हणाल्या, "कपडे कसे इतके लवकर वाळतात. आतून ऊब असते काय की."

त्या रविवारी असोसिएशनची मीटिंग भरली. सेक्रेटरी प्रवीण हा तसा सज्जन माणूस. विमा विकतो, त्यामुळे कुठलीही गोष्ट पेटण्याआधीच त्याला पेटलेली दिसते. "सर, माझं वैयक्तिक काही नाही," तो म्हणाला, "पण जनरल बॉडीला भीती वाटते." जनरल बॉडीत अकरा माणसं होती आणि सल्ले पंधरा आले. एकाला अशा गाड्या पावसात शॉक देतात हे पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्याच्या साडूच्या शेजाऱ्याची गाडी उभ्या उभ्या जळाली होती, फक्त ती पेट्रोलची होती. तिसऱ्यानं गच्चीवर सोलर लावायला सांगितलं, आणि गच्ची कुणाची यावर पाऊण तास भांडण झालं. शेवटी ठराव झाला की वायर काढावी, आणि सरांनी स्वतःच्या खर्चानं खाली वेगळं कनेक्शन घ्यावं. सर्वांनी हात वर केले. मास्तरांनीही केला; ठराव नियमाला धरून होता आणि नियमाला विरोध करायची त्यांना सवय नव्हती.

वीज कचेरीत मास्तर अर्ज घेऊन गेले, तर साहेबांच्या खुर्चीत श्रीहर्ष बसलेला. आठवीत याला मास्तरांनी दोनदा नापास केलं होतं. मास्तर दारातच वळले. पण श्रीहर्ष ताडकन उठला, "बर्री सर, कुंड्री!" म्हणत त्यानं स्वतःची खुर्ची पुढं केली, सगळ्या कचेरीदेखत पाया पडला आणि चहा मागवला. "सर, तुम्ही दोनदा नापास केलंत म्हणून मी आज इथं आहे," असं त्यानं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. मग अर्ज वाचला. कनेक्शनला असोसिएशनची ना-हरकत हवी होती. असोसिएशनचं म्हणणं, आधी कचेरीची मंजुरी आणा. शिवाय इमारतीचं मूळ कनेक्शन बिल्डरच्या वडिलांच्या नावावर होतं आणि ते बारा वर्षांपूर्वी वारले होते. त्यांची सही लागणार होती, किंवा मग त्यांचे सगळे वारस. मास्तर या कामासाठी सात वेळा गेले. सातही वेळा श्रीहर्ष पाया पडला. लाच मागणाऱ्याशी भांडता येतं, ओरडणाऱ्यावर ओरडता येतं. पण पाया पडणाऱ्या माणसावर डाफरायचं कसं, हे मास्तरांना कुणी शिकवलं नव्हतं. आठव्यांदा ते गेलेच नाहीत.

मध्यंतरी रस्त्यावरचे चार्जरही वापरून झाले. तिथं आधी फोनवर ॲप घ्यावं लागे, ॲपात पाचशे रुपये आगाऊ भरावे लागत, आणि मग तो यंत्राचा खांब लाल दिवा दाखवून म्हणे की मी बंद आहे. जो चालू असे तो युनिटला बावीस रुपये घेई. मास्तर अशा वेळी आकडा वाचत नसत, चष्मा काढून ठेवत.

आता मास्तरांचं डोकं जे चाललं ते फक्त आपल्याकडच्या माणसाचंच चालू शकतं. त्यांनी विचार केला, आपले नातेवाईक कशाला आहेत? धारवाड-हुबळीत दहा-बारा घरं होती, प्रत्येक घरी गीझरचा मोठा प्लग होता. नुसतं "गाडी लावू का?" म्हणून कुणाच्या दारात उभं राहणं बरं दिसत नाही, पण भेटायला जायला कोण नको म्हणतं? मास्तर भेटायला जाऊ लागले. भेट सहा तास चाले. पहिल्या तासात तब्येत, दुसऱ्यात वरदचा पगार, तिसऱ्यात यजमान घड्याळाकडे बघू लागत आणि चौथ्यात नाइलाजानं ताट वाढत. रिकाम्या हातानं जायची पद्धत नाही म्हणून मास्तर दर वेळी पाव किलो पेढे नेत. वीज चढे सत्तर रुपयांची आणि पेढे लागत सव्वाशेचे. यजमानीण बाई श्यामलाबाईंसाठी ओटीचा खण आणि नारळ देई, त्याची परतफेड वेगळी. घरात अठरा नारळ साठले, आणि श्यामलाबाईंना तर पथ्यामुळे नारळ बंदच होता.

"आज किती पडला?" फेरी झाली की श्यामलाबाई विचारत.

"रुपया," मास्तर सांगत. गणितात खोटं बोलायची त्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदाच वेळ आली होती. सुरुवातीला जीभ अडखळे, मग सवय झाली.

नातेवाईक हळूहळू कमी झाले. कुणी गावाला जाऊ लागलं, कुणाचा गीझरचा प्लग जळाला. एका भाच्यानं तर मास्तरांची गाडी वळणावर दिसताच घराला बाहेरून कुलूप लावून घेतलं आणि मागच्या दारानं आत गेला, हे मास्तरांनी स्वतः पाहिलं. शेवटी उरल्या अंबूताई. मास्तरांची चुलत बहीण, वय चौऱ्याहत्तर, जुन्या हुबळीतल्या एका बोळात एकट्या राहणाऱ्या. इस्पितळापासून गाडीनं वीस मिनिटं. आणि सरकारनं दोनशे युनिटच्या आतली वीज माफ केल्यापासून अंबूताईंचं बिल यायचं शून्य. ते शून्याचं बिल त्या देव्हाऱ्याशेजारी ठेवत. मास्तरांना वाटलं, शून्याला कितीनं गुणलं तरी शून्यच. श्यामलेला इस्पितळात सोडायचं, अंबूताईंकडे चार तास गाडी लावायची, तीनला येऊन श्यामलेला घ्यायचं. जागा सापडली होती.

टॅक्सीच्या दिवसांत मास्तर ते चारही तास श्यामलाबाईंच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसत. पेपर मोठ्यानं वाचत, अग्रलेखातल्या चुका काढत, शेजारच्या पेशंटांचे रक्तदाबाचे आकडे तोंडपाठ करत. त्यांच्या या वाचनाला सगळा वॉर्ड कंटाळला होता. आता ते श्यामलाबाईंना दारापर्यंत सोडत आणि किल्ली खुळखुळवत निघत. "जा जा," त्या म्हणत, "गाडी उपाशी असेल."

अंबूताई मास्तरांना उपाशी ठेवत नसत. भाकरी, भरली वांगी, शेंगांची चटणी, वर वाटीभर दही. असं जेवण झाल्यावर माणूस जागा राहिला तर त्याच्या प्रकृतीतच काही बिघाड समजावा. मास्तर माजघरात आडवे होत आणि अडीचच्या गजरानं उठत. पण आषाढापासून एक विचित्र प्रकार सुरू झाला. चार तासांत साठ टक्के चढायचे, तिथं वीसही चढेनात. मास्तरांनी गोकुळ रोडवरच्या एका गॅरेजात गाडी दाखवली. तिथल्या माणसानं लॅपटॉप जोडला, मान हलवली, आठशे रुपये घेतले आणि सांगितलं, "बॅटरी म्हातारी झालीय सर. आता असंच." मास्तर हे ऐकून गाडीवर नाही, पण म्हातारी या शब्दावर फार रागावले.

"आज किती पडला?"

"रुपया."

श्रावण संपत आला होता. गुरुवार होता, दोन वाजायला आले होते, आणि मास्तर अंबूताईंच्या माजघरात घोरत होते, तेव्हा फोन वाजला. इस्पितळातून दीक्षा बोलत होती. दीक्षा तिथली डायलिसिसची टेक्निशियन. वय पंचवीस, पण तिच्या धाकानं मोठमोठे पेशंट चोरून चहा प्यायचं सोडून बसलेले. "सर, आजींचं बीपी एकदम पडलं. शुद्ध गेली होती. मशीन थांबवलंय. लगेच या."

मास्तर धावत बाहेर आले. गाडीत बसले. पडद्यावर बॅटरी संपत आल्याचं सांगणारं कासवाचं चित्र होतं आणि आकडा होता दोन टक्के.

"अंबूताई! करंट गेलाय!"

अंबूताई दारात आल्या. पदर तोंडाशी धरलेला. "गेला नाही रे," त्या म्हणाल्या, "मी घालवला."

"म्हणजे?"

"तू झोपलास की आतलं बटण बंद करते. उठायच्या आधी जरा चालू करते. ज्येष्ठाचं बिल आलं अठराशे चाळीसचं. दोनशेच्या वर गेलं की सगळंच भरायला लावतात म्हणे. श्यामलेसाठी येतोस, तुला नको कसं म्हणू? आणि पेढे घेऊन येणाऱ्या भावाकडे विजेचे पैसे कुठल्या तोंडानं मागू?" आणि त्या रडायलाच लागल्या.

मास्तरांना रागवायचंही सुचलं नाही. गाडी बोळात तशीच सोडून ते मोठ्या रस्त्याकडे धावत सुटले. रिक्षात बसल्यावर त्यांना दिसलं की एका पायात आपली चप्पल आहे आणि दुसऱ्यात अंबूताईंची. वाटेतल्या प्रत्येक सिग्नलला त्यांनी मनात एक आकडा धरला, की इतक्यात हिरवा झाला तर श्यामला जिवंत असेल. हे गणितात बसत नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते मोजत राहिले, आणि आयुष्यात एवढी भीती त्यांना कधी वाटली नव्हती.

श्यामलाबाई जिवंत होत्या. पायाखाली उशा देऊन त्यांना निजवलं होतं, चेहरा जुन्या पोस्टकार्डासारखा पिवळा पडला होता. दीक्षानं मास्तरांकडे वरपासून चपलांपर्यंत बघितलं.

"सर, तुम्ही असता कुठं? आधी तर हाकललं तरी उठत नव्हता इथून. आजी घाबरल्या की शेजारच्या पलंगावरच्या बाई हात धरतात त्यांचा. आणि मी तुम्हाला फोन करते म्हटलं तर दर वेळी म्हणतात, नको, गाडी चार्ज होतेय."

"दर वेळी? म्हणजे हे आधी झालंय?"

"चार वेळा," दीक्षा म्हणाली आणि पुढच्या पलंगाकडे गेली.

मास्तरांनी स्टूल ओढलं आणि बसले. मग त्यांनाच राहवलं नाही. "श्यामला, मी खोटं बोललो. रुपया कधीच पडला नाही. पेढे, नारळ, तो बावीसवाला चार्जर, गॅरेज, आता अंबूताईचं बिल..."

"ते मला ठाऊक आहे हो," श्यामलाबाई म्हणाल्या. आवाज खोल गेला होता, पण पोस्टाच्या खिडकीतला होता. "आणि ते सगळं सोडा. तुम्ही गाडीची किंमत कुठं धरलीत?"

मास्तरांनी चष्मा काढून हातात घेतला.

"इथं चार तास करायचं काय? मी मोजत असते. चार लाख ऐंशी हजार. टॅक्सीला हजार. म्हणजे वीज फुकट मिळाली असं धरलं तरी टॅक्सीइतकी स्वस्त व्हायला चारशे ऐंशी फेऱ्या हव्यात." त्या दम घ्यायला थांबल्या. "आषाढात मी तुम्हाला सांगणार होते, की पुरे झालं आता, बंद करूया. जीव नकोसा झाला होता. एकटीनं पडून राहवत नाही मला. पण तेव्हा अठ्ठेचाळीस फेऱ्या झाल्या होत्या. फेरी दहा हजाराला पडत होती. म्हटलं, आत्ता मी बंद केलं तर या माणसाचा हिशेब जन्मात जुळायचा नाही. मागं एकटे बसून तेवढाच भागाकार करत राहतील. थोडा भाव उतरू दे, मग सांगू."

मास्तरांनी स्टूल पलंगाजवळ सरकवलं.

"आजची चौसष्टावी," श्यामलाबाई म्हणाल्या. "साडेसात हजारावर आलाय. राहिल्या चारशे सोळा. वर्षाच्या एकशे चार. म्हणजे बरोबर चार वर्षं. परवा डॉक्टरांना विचारलं, चार वर्षं निघतील का म्हणून."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आपण आधी सोमवारचं बघू." त्या जराशा हसल्या. "चुकलंय का कुठं? बघा की."

पस्तीस वर्षांत मास्तरांनी हजारो मुलांच्या हजारो चुका काढल्या होत्या. हे गणितही त्यांनी वरून खाली तपासलं, खालून वर तपासलं. एखादी चूक सापडावी म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी देवाची प्रार्थना केली. चूक नव्हती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि सगळ्या वॉर्डादेखत वाहतंय याची त्यांना लाज वाटली नाही.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पैकीच्या पैकी."

खिशातला फोन थरथरू लागला. अंबूताईंचा असणार, बोळात गाडी आडवी उभी राहिल्यानं तिकडं बोंब झाली असणार. मास्तरांनी फोन बंद केला. दीक्षानं येऊन रक्तदाब पाहिला आणि मशीन पुन्हा सुरू केलं. अजून तास बाकी होता. श्यामलाबाईंच्या एका हातात सुई होती. मास्तरांनी दुसरा हात आपल्या हातात घेतला आणि शेजारच्या पलंगावरच्या बाईंकडे आजचा पेपर मागितला.